अजस्र गोगलगायी आणि आपली सोसायटी : अशक्य संकटातून आपत्ती-नियोजन कसे शिकवावे

१६ मे २०११ रोजी अमेरिकेच्या सीडीसी या रोगनियंत्रण संस्थेने झोम्बींचा, म्हणजे उठून चालू लागलेल्या प्रेतांचा, हल्ला झाल्यास घरात काय तयारी असावी यावर एक लेख प्रसिद्ध केला. लेखक डॉ. अली खान हे त्या संस्थेच्या सज्जता विभागाचे प्रमुख होते. लेखातील यादी मात्र नेहमीचीच होती : पिण्याचे पाणी, टिकणारे खाणे, औषधे, टॉर्च, कागदपत्रे आणि ताटातूट झाल्यास घरच्यांनी भेटायचे ठिकाण. चक्रीवादळासाठी हीच यादी संस्था वर्षानुवर्षे देत आली होती. झोम्बी आल्यावर वाचकांची अशी झुंबड उडाली की संकेतस्थळच कोलमडले.

त्याच्या जेमतेम दोन आठवडे आधीची, ३० एप्रिल २०११ ही तारीख असलेली, झोम्बींविरुद्धची एक संपूर्ण लष्करी योजनाही अस्तित्वात आहे. अमेरिकेच्या स्ट्रॅटेजिक कमांडमध्ये प्रशिक्षणासाठी लिहिलेला हा कागद ‘कोनप्लॅन ८८८८’ या नावाने ओळखला जातो आणि त्यात शाकाहारी झोम्बी आणि कोंबड्यांचे झोम्बी यांची स्वतंत्र वर्गवारी आहे. २०१४ मध्ये तो उजेडात आला तेव्हा जगभर हशा पिकला, परंतु ही थट्टा नव्हे असे त्या कागदाच्या सुरुवातीलाच लिहून ठेवलेले होते. योजना लिहायला शिकवताना शत्रू म्हणून एखाद्या खऱ्या देशाचे नाव घेतले, तर तो कागद उद्या कुणीतरी खरा मानण्याची भीती असते. झोम्बींच्या बाबतीत ती भीती उरत नाही.

या दोन उदाहरणांपैकी पहिले प्रसिद्धीचे आहे आणि दुसरे प्रशिक्षणाचे. आपल्या कामाचे आहे ते दुसरे. सीडीसीच्या मोहिमेवर २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असे दिसले की, विनोदी संदेश वाचणाऱ्यांची प्रत्यक्ष तयारी करण्याची इच्छा साधा संदेश वाचणाऱ्यांपेक्षा कमी होती. याचा अर्थ गंमत पाहायला लोक जमतात, पण जमलेले लोक घरी जाऊन पिशवी भरतातच असे नाही. म्हणून अशक्य कथानकाचा उपयोग आमिष म्हणून करण्यापेक्षा सरावाचे साधन म्हणून करावा, आणि त्यासाठी एकच पथ्य काटेकोरपणे पाळावे : संकटाचे कारण कितीही खोटे असले तरी त्याचे परिणाम खरे, मोजलेले आणि आपल्याच जागेचे असले पाहिजेत. पुढील सर्व पायऱ्या या एका पथ्यातून निघतात. उदाहरणासाठी नदीकाठची एक गृहनिर्माण सोसायटी आणि तिच्यावर चालून येणाऱ्या हत्तीएवढ्या गोगलगायींचे खोटे संकट घेतले आहे. शाळा, कार्यालय किंवा गावची ग्रामसभा यांनाही हीच रीत थोड्या फरकाने लागू पडते.

खरा पूर सोडून खोटे संकट कशासाठी?

सोसायटीच्या बैठकीत ‘पूर आला तर काय करायचे’ हा विषय काढून पाहावा. पहिली दहा मिनिटे ज्येष्ठ मंडळी आठवणी सांगतात. पुण्यात असाल तर १२ जुलै १९६१ चा पानशेत, मुंबईत असाल तर २६ जुलै २००५, ज्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, आणि सांगली-कोल्हापुरात ऑगस्ट २०१९. या आठवणी मोलाच्या आहेत, पण त्यांचा शेवट बहुधा एकाच वाक्यात होतो : ‘तेव्हासुद्धा पाणी दुसऱ्या पायरीच्या वर आले नव्हते.’ या वाक्यानंतर चर्चा संपते, कारण ज्याने पूर पाहिला त्याच्यासमोर न पाहिलेला माणूस बोलत नाही. दुसरीकडे, धरणाचे दरवाजे कुणी उशिरा उघडले, नाला कुणी बुजवला, बिल्डरने काय केले, या वादात बैठक वाहून जाते. हे वाद खोटे नसतात, पण रात्री दोन वाजता तळमजल्यावरच्या आजींना उचलून वर कोण नेणार, हा प्रश्न त्यांनी सुटत नाही.

हत्तीएवढी गोगलगाय कुणीच पाहिलेली नाही. तिच्यापुढे सेवानिवृत्त अभियंता, नववीतली मुलगी आणि रात्रपाळीचा वॉचमन सारखेच अनुभवी ठरतात. तिच्यासाठी महापालिकेला जबाबदार धरता येत नाही. आणि ज्यांनी खरा पूर भोगला आहे त्यांना पुन्हा त्या रात्रीत न ढकलता सराव करता येतो. मात्र ज्या घराने अलीकडेच आपत्तीत माणूस गमावला आहे, त्या घराला आधी भेटून सरावाचे स्वरूप सांगावे आणि त्यांची इच्छा नसेल तर सराव पुढे ढकलावा.

पहिली पायरी : शिकवायचे काय, ते एका वाक्यात लिहा

कथानक सुचण्याच्या आधी उद्देश लिहिला पाहिजे. गंमत अशी की बहुतेक जण उलट्या दिशेने जातात. आधी राक्षस तयार करतात आणि मग त्याच्याकडून काय शिकता येईल ते शोधत बसतात. उद्देश ‘लोकांमध्ये जागरूकता निर्माण करणे’ असा मोघम नसावा. ‘इशारा मिळाल्यापासून दोन तासांत सोसायटी सोडायची की वरच्या मजल्यांवर थांबायचे, हा निर्णय कोण घेईल आणि तो सर्व २४ घरांपर्यंत मोबाइलविना कसा पोहोचेल, हे ठरवणे’ असे वाक्य चालेल. एका सरावात एक, फार तर दोन उद्देश घ्यावेत.

प्रथमोपचार, सीपीआर, अग्निशामक सिलिंडर वापरणे यांसारखी हाताची कौशल्ये या मार्गाने शिकवू नयेत. ती प्रशिक्षित माणसाकडून, प्रत्यक्ष साधनांवर आणि कोणत्याही कथेशिवाय शिकावीत. कथानकाचा उपयोग निर्णय, कामाची वाटणी, निरोप आणि प्राधान्यक्रम या चार गोष्टींपुरता आहे.

दुसरी पायरी : खऱ्या संकटाची हाडे मोजा

आता ज्या खऱ्या धोक्यासाठी तयारी करायची आहे, त्याचे गुणधर्म कागदावर मांडावेत. इशारा किती आधी मिळतो? काय प्रथम बंद पडते? सुरक्षित जागा वर आहे, बाहेर आहे की दूर आहे? संकट किती वेळ थांबते, आणि गेल्यावर मागे काय ठेवते? कुणाला सर्वांत जास्त धोका आहे?

आपली काल्पनिक सोसायटी चार मजली आहे. तळमजल्यावर चार घरे, मीटरची खोली आणि पाण्याचा पंप आहे. वरच्या प्रत्येक मजल्यावर पाच घरे आहेत. नदी चारशे मीटरवर आहे आणि मुख्य रस्त्याला जोडणारा सोसायटीचा रस्ता मध्येच सखल होतो, तोही नदीपासून दोनशे मीटरवर. या आकड्यांतच अर्धा सराव दडलेला आहे. पाणी इमारतीत शिरण्याच्या कितीतरी आधी रस्ता बंद होणार आहे. मीटरची खोली तळाशी असल्याने वीज जाणार, वीज गेली की पंप आणि लिफ्ट थांबणार, आणि गच्चीवरची टाकी रिकामी झाली की चौथ्या मजल्यावरचे कोरडे, सुरक्षित घरही राहण्याजोगे उरणार नाही.

असा आराखडा करण्यासाठी कुणाला तरी प्रत्यक्ष फिरून मापे घ्यावी लागतात. सखल भाग कुठे आहे हे नकाशापेक्षा रिक्षावाल्याला आणि दूधवाल्याला अधिक ठाऊक असते, त्यांना विचारावे.

तिसरी पायरी : त्या हाडांवर खोटे मांस चढवा

नदीतून हत्तीएवढ्या गोगलगायी बाहेर पडल्या आहेत. त्या ताशी शंभर मीटर या वेगाने सरकतात, म्हणजे सखल रस्त्यावर दोन तासांत आणि इमारतीपाशी चार तासांत पोहोचतील. त्या कुणाला खात नाहीत, पण वाटेत येईल ते चिरडतात. तळमजला त्या नक्की व्यापणार; पहिल्या मजल्याविषयी खात्री देता येत नाही. त्या छत्तीस तास थांबतात आणि निघून गेल्यावर बोटभर जाडीचा चिकट थर मागे ठेवतात, जो दोन दिवस वाळत नाही. तो मीटरच्या पेटीत शिरला की वीज जाते आणि जमिनीखालच्या टाकीत शिरला की पाणी वापरण्यायोग्य राहत नाही.

एकही वाक्य पुराच्या वागणुकीबाहेरचे नाही, हे लक्षात येईल. चिकट थर म्हणजे गाळ, पहिल्या मजल्याविषयीची अनिश्चितता म्हणजे पाण्याची न कळणारी पातळी. ऐकणाऱ्याला मात्र गोगलगाय दिसते आणि तो हसत हसत हिशेब करू लागतो.

येथे एक अडचण ठरलेली आहे. सराव सुरू होताच कुणीतरी म्हणणारच : ‘मीठ टाकू या.’ गोगलगायीवर मीठ टाकले की काय होते हे ज्याने लहानपणी पाहिले आहे, तो प्रत्येक जण हा उपाय सुचवतो, आणि मग पुढची वीस मिनिटे किराणा दुकानातून किती पोती मीठ आणता येईल यावर खर्च होतात. त्यामुळे नियमांच्या कागदावर पहिल्याच ओळीत लिहून ठेवावे की या गोगलगायींवर मीठ, आगपेटी, ट्रॅक्टर किंवा मंत्र यांपैकी कशाचाही परिणाम होत नाही. पुराला हरवता येत नाही, त्यातून निभावून जावे लागते. जे संकट जिंकता येते ते लोकांना वीरकथेकडे नेते, नियोजनाकडे नेत नाही, आणि झोम्बींचे कथानक जसेच्या तसे उचलण्यात मला हाच मुख्य दोष दिसतो : तिथे मंडळी पाण्याचा साठा सोडून शस्त्रांवर बोलू लागतात.

इतर धोक्यांसाठी इतर कथानके लागतील. भूकंपासाठी इमारतीखाली झोपलेला एक प्रचंड प्राणी कूस बदलतो : पूर्वसूचना नाही, अर्धा मिनिट हादरे, नंतर दिवसभर अधूनमधून पुन्हा. वेळ मुद्दाम गैरसोयीची निवडावी. ३० सप्टेंबर १९९३ चा किल्लारीचा भूकंप पहाटे चारच्या सुमारास, गणेश विसर्जनाच्या रात्रीनंतर लोक गाढ झोपेत असताना झाला, आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंपही पहाटेचाच होता. औद्योगिक वसाहतीजवळ राहणाऱ्यांनी वायुगळतीसाठी मिरचीच्या ठसक्याचा एक जड ढग तयार करावा, जो जमिनीलगत वाऱ्याच्या दिशेने सरकतो. वारा कुठून वाहतो हे ओळखणे, खिडक्यांच्या फटी ओल्या कापडाने बंद करणे आणि पळायचेच झाले तर वाऱ्याला आडवे पळणे, हे सारे त्यातून येते. साथरोगासाठी ‘यमकाची साथ’ चांगली रंगते : लागण झालेला माणूस तिसऱ्या दिवशी यमकात बोलू लागतो, पण पहिले दोन दिवस तो साधेच बोलतो आणि तरीही लागण पसरवतो. सप्टेंबर २००५ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या ऑनलाइन खेळात चुकून एक साथ पसरली, तेव्हा काही खेळाडू मदतीला धावले, काही रोग घेऊनच दुसऱ्या शहरात पळाले आणि काहींनी तो मुद्दाम पसरवला. साथरोगतज्ज्ञांनी २००७ मध्ये या प्रकारावर गंभीरपणे लिहिले. यमकाच्या साथीतही या तिन्ही स्वभावांची माणसे तुम्हाला टेबलाभोवती बसलेली दिसतील.

काय निवडू नये, हेही सांगितले पाहिजे. भूत, मुंजा, हडळ, चकवा यांना या कामाला लावू नये. ज्या वस्तीत त्यांच्यावर श्रद्धा किंवा त्यांची भीती आहे, तिथे सराव संपल्यावर पुराची तयारी विसरली जाईल आणि भूत मात्र मागे राहील. देवदेवता, कोणतीही जात, धर्म, शेजारचा देश किंवा शेजारची सोसायटी यांपैकी कुणालाही संकट बनवू नये. ऐकताच कोणीही खरे मानणार नाही, ही कथानकाची किमान पात्रता आहे.

चौथी पायरी : माणसे, कागद आणि एक इशारा

एका टेबलाभोवती सहा ते आठ जण असावेत. कार्यकारिणीचे सदस्य एकाच टेबलावर बसवू नयेत. वॉचमन, सफाई करणारे आणि घरकामाला येणाऱ्या ताई यांना आग्रहाने, आणि त्यांचा रोज बुडू न देता, बोलवावे. इमारतीची कोणती कडी अडकते आणि कोणत्या घरात दुपारी आजोबा एकटे असतात, हे त्यांना कार्यकारिणीपेक्षा जास्त माहीत असते. भाडेकरू विसरू नयेत. दहा वर्षांपुढची मुले जरूर घ्यावीत, कारण ‘पण मग मांजराचं काय?’ हा प्रश्न तीच विचारतात आणि पाळीव प्राण्यासाठी मागे थांबणारी माणसे खऱ्या पुरातही असतात.

साहित्य थोडे लागते : इमारतीचा मोठा हाताने काढलेला नकाशा, नियमांचा एक कागद, घड्याळ, सोंगट्या किंवा बटणे, आणि पुढे सांगितलेले बंद लिफाफे. एक जण सूत्रधार होतो आणि एक जण फक्त नोंदी घेतो. सूत्रधाराने नोंदीही घ्यायच्या असे ठरवले तर दोन्ही कामे बिघडतात.

इशारा असा की, आमंत्रणाच्या आणि नंतरच्या प्रत्येक संदेशावर ‘हा सराव आहे’ हे शब्द पहिल्या ओळीत हवेत, आणि सरावातील लिफाफ्यांचे फोटो व्हॉट्सअॅपवर जाऊ देऊ नयेत. गोगलगाय कुणी खरी मानणार नाही, पण ‘रस्ता बंद, टाकीचे पाणी वापरू नका’ एवढीच ओळ कापून पुढे गेली तर संध्याकाळपर्यंत ती तालुकाभर फिरते. आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ च्या कलम ५४ नुसार घबराट पसरवणारा खोटा इशारा देणे किंवा फिरवणे हा एक वर्षापर्यंतच्या कैदेचा किंवा दंडाचा गुन्हा आहे.

पाचवी पायरी : प्रत्यक्ष खेळ

प्रास्ताविकाला पंधरा मिनिटे, खेळाला एक तास आणि नंतरच्या चर्चेला दुसरा एक तास, अशी सव्वादोन तासांची सवड ठेवावी. खेळातील पहिले चार तास चाळीस मिनिटांत चालवावेत, म्हणजे खेळातला एक तास दहा मिनिटांचा होतो. उरलेले छत्तीस तास वीस मिनिटांत गुंडाळावेत.

सूत्रधाराने उत्तरे द्यायची नसतात. त्याच्याकडे फक्त तीन प्रश्न असतात : कोण करणार? कशाने करणार? किती वेळात होणार? आणि एक बंदी असते : ‘कुणीतरी’ हा शब्द उच्चारता येणार नाही. ‘कुणीतरी मेन स्विच बंद करेल’ असे वाक्य आले की सूत्रधाराने घड्याळ थांबवून नाव मागावे. या एवढ्याने काय घडते ते पाहा.

‘सगळ्यांनी गच्चीवर जायचं,’ दुसऱ्या मजल्यावरचे नाना ठामपणे सांगतात.

‘गच्चीची चावी कोणाकडे आहे?’

‘सेक्रेटरींकडे.’

‘सेक्रेटरी आज नागपूरला गेलेत, असं समजा. दुसरी चावी?’

‘वॉचमनकडे असणारच.’

‘नाही हो साहेब,’ वॉचमन मामा सांगतात. ‘टाकी धुवायला माणूस येतो तेव्हा वहिनी देतात.’

‘कोणत्या वहिनी?’

यावर टेबलाभोवतीची मंडळी एकमेकांकडे बघू लागतात. तिसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी चावी गेल्या दिवाळीत पेंटरला दिलेली असते, आणि ती परत आली की नाही हे त्यांनाही आठवत नाही. गोगलगायीमुळे चार मिनिटांत जे उघडे पडले, ते वार्षिक सभेत कधीच निघाले नसते.

येथेच सूत्रधाराने खेळ थांबवून दोघांना प्रत्यक्ष चावी शोधायला पाठवावे. संपूर्ण पद्धतीतील हा सर्वांत उपयुक्त डाव आहे, आणि तो एका खेळात दोन-तीनदा वापरावा. खोट्या संकटाच्या मध्यभागी खरी वस्तू मागायची : ‘टॉर्च आहे ना? घेऊन या आणि लावून दाखवा.’ ‘मोबाइल बाजूला ठेवा आणि मुलाचा नंबर कागदावर लिहा.’ ‘मेन स्विचपर्यंत अंधारात, म्हणजे डोळ्यांना रुमाल बांधून, भिंतीच्या आधाराने चालून दाखवा.’ मुलाचा नंबर पाठ नसलेले निम्मे पालक निघतात आणि मग पाकिटात कागदावर नंबर ठेवण्याचा ठराव कुणाला पटवून द्यावा लागत नाही.

लिफाफे ठरावीक वेळी उघडावेत. पहिल्या तासाच्या शेवटी : मोबाइलचे नेटवर्क गेले. दीड तास झाल्यावर : ‘गोगलगायी परत फिरल्या, दुसऱ्या गटाकडून खात्रीशीर समजले,’ असा निरोप एक मुलगा घेऊन येतो, आता तो तपासायचा कसा आणि तपासेपर्यंत काम थांबवायचे का? अफवेचा हा लिफाफा वगळू नये, कारण सखल रस्ता बंद व्हायला या क्षणी अर्धाच तास उरलेला असतो आणि बहुतेक गट नेमके इथेच थांबतात. इमारतीजवळ गोगलगायी चार तासांनी येणार, म्हणून चार तास हाताशी आहेत, असा समज टेबलाटेबलावर झालेला असतो. बाहेर पडण्याचा निर्णय पहिल्या दोन तासांतच घ्यायचा होता, हे सूत्रधाराने सांगू नये. तिसऱ्या तासाला गटाने गाड्या काढायचे ठरवले की नकाशावरच्या सखल भागावर फक्त एक सोंगटी ठेवावी.

पुढचा लिफाफा वाहनाचा असावा : ट्रॅक्टर आला आहे, दहा जण बसू शकतात, जाणारे सतरा आहेत. पहिल्या फेरीत कोण, आणि ‘आम्ही एकत्रच जाणार’ म्हणणाऱ्या कुटुंबाला थांबवणार कोण? ८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील ब्रह्मनाळ येथे पुरातून बाहेर पडणाऱ्या गावकऱ्यांची नाव क्षमतेपेक्षा जास्त माणसे बसल्यावर उलटली. क्षमतेचा आकडा घोषित करणारा आणि तो पाळायला लावणारा माणूस आधीच ठरलेला नसेल, तर त्या क्षणी तो ठरत नाही.

वर थांबलेल्यांसाठी छत्तीस तासांचे लिफाफे वेगळे. टाकी रिकामी झाली. फ्रिजमधले इन्सुलिन गरम होत आहे. शिरगणती केली तर चोपन्न माणसे भरतात आणि यादीत त्रेपन्न आहेत. जास्तीचे एक कोण? बहुधा तो नुकताच राहायला आलेला भाडेकरू किंवा कुणाकडे मुक्कामाला आलेले पाहुणे असतात. उलट एक कमी भरला तर काय करायचे, हेही विचारावे, कारण शोधायला खाली जाणारा माणूस हा बहुधा दुसरा हरवणारा असतो.

लहान मुले घाबरत आहेत असे वाटले तर गोगलगायीला एखादे विनोदी नाव द्यायला त्यांनाच सांगावे. मोठी माणसे विनोदात वाहवत गेली तर घड्याळाकडे बोट दाखवणे पुरते.

सहावी पायरी : गोगलगाय खोडून टाका

खेळ रंगला की लोकांना चहा पिऊन घरी जायचे असते. त्यांना जाऊ देऊ नये, कारण शिकणे आता सुरू होते. नोंदी घेणाऱ्याने गटांनी घेतलेला प्रत्येक निर्णय फळ्यावर लिहावा आणि त्यातील ‘गोगलगाय’ हा शब्द खोडून तिथे ‘पाणी’ लिहावे. मग प्रत्येक ओळीपुढे एकच प्रश्न विचारावा : हे आता खरे आहे का? ‘पाणी सखल रस्त्यावर येण्यापूर्वी तळमजल्यावरची चार घरे वर हलवायची’ ही ओळ तशीच टिकते. ‘गोगलगाय पायऱ्यांवर घसरेल म्हणून तेल ओतायचे’ ही ओळ पुसावी लागते, आणि ती कुणी सुचवली होती यावरून थोडी चेष्टाही होऊ द्यावी.

पुसण्यासारख्या ओळी फार निघाल्या तर दोष गटाचा नसून कथानकाचा आहे. कुठेतरी परिणाम खऱ्या पुरापासून दूर गेला आहे. पुढच्या वेळी नियम दुरुस्त करावेत.

जे टिकले त्यातून एका पानाची योजना लिहावी. एक पान हा आग्रह सोडू नये. त्यावर प्रत्येक कामासमोर एक नाव आणि ते गावात नसतील तर दुसरे नाव असावे. निर्णय कोणत्या खुणेवर घ्यायचा ते आकड्यात किंवा डोळ्यांना दिसेल असे असावे, उदाहरणार्थ ‘पुलाच्या खांबावरील अमुक रेषेला पाणी लागले की’. विशेष मदतीची गरज असलेल्या घरांची नोंद असावी, पण त्यांचे आजार चारचौघांत लावू नयेत, ती यादी दोन जबाबदार व्यक्तींकडे बंद पाकिटात ठेवावी. इन्सुलिनसारख्या औषधांचे वीज नसताना काय करायचे, ते संबंधित घराने आपल्या डॉक्टरांना विचारून लिहून घ्यावे. फोन क्रमांकांत ११२ हा सर्वसाधारण आपत्कालीन क्रमांक, १०८ ही रुग्णवाहिका आणि १०७७ हा जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष, हे तीन मोठ्या अक्षरांत असावेत.

पाण्याचा हिशेब घरागणिक करून घ्यावा. सीडीसीसारख्या संस्था माणशी दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे पावणेचार लिटर, पाणी साठवायला सांगतात. आपल्या गोगलगायी दीड दिवस थांबणार आणि थर आणखी दोन दिवस राहणार, म्हणजे साडेतीन दिवस. चार माणसांच्या घराला यासाठी पन्नास लिटरच्या आसपास पाणी लागते. वीस लिटरचे अडीच जार एवढे सोपे करून सांगितले की ते कुठे ठेवायचे, यावर घरातच चर्चा सुरू होते.

सातवी पायरी : कागदावरून जिन्यात

टेबलावरचा सराव हा प्रत्यक्ष तालमीची जागा घेऊ शकत नाही. त्यानंतर तीन-चार आठवड्यांत योजनेतील एकच तुकडा उचलून त्याची रंगीत तालीम घ्यावी, आणि या तालमीत गोगलगायीचे नावही काढू नये. तळमजल्यावरच्या आजींना खुर्चीसह दुसऱ्या मजल्यावर न्यायला किती माणसे आणि किती मिनिटे लागतात, ते पाहावे. आजी तयार नसतील तर खुर्चीवर तांदळाचे पोते ठेवावे. टेबलावर सर्वांनी ‘दोघे जण, पाच मिनिटे’ असे लिहिलेले असते. जिन्याच्या वळणावर खुर्ची अडकली की चौघे लागतात हे कळते, आणि एका पानावरचा तो आकडा तिथेच पेनने बदलता येतो.

शाळेत हा प्रयोग करणाऱ्यांनी एक बदल करावा : कथानक शिक्षकांनी न लिहिता वर्गाला लिहायला द्यावे. गुणधर्मांची यादी शिक्षकांनी द्यायची आणि त्या यादीत बसणारे अशक्य संकट मुलांनी शोधायचे. ‘इशारा नाही, अर्धा मिनिट, नंतर पुन्हा पुन्हा’ या चौकटीत बसेल असा प्राणी शोधताना मुले भूकंपाचे गुणधर्म पाठ न करता वापरू लागतात. कार्यालयांत याउलट कथानक तयारच न्यावे, नाहीतर वरिष्ठांना सुचलेले संकटच सर्वांत हुशार ठरते.

सराव दरवर्षी मे महिन्याच्या दुसऱ्या पंधरवड्यात, पाऊस लागण्यापूर्वी घ्यावा आणि दर वर्षी संकट बदलावे, कारण दुसऱ्या खेपेला गोगलगायीचे लिफाफे सगळ्यांना पाठ झालेले असतात. एका पानाची योजना वॉचमनच्या खोलीत, प्रत्येक मजल्याच्या जिन्यात आणि विजेच्या मीटरपेक्षा उंच अशा जागी लावावी. सेक्रेटरी बदलले, तळमजल्यावरचे भाडेकरू बदलले किंवा गच्चीचे कुलूप बदलले, की त्याच आठवड्यात तिची नवी प्रत काढून जुनी फाडावी.